नावापुरती

"समजा, मी मरायला टेकलोय," सबनीस सर म्हणाले, तसा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं आणि पहिल्या बाकावरच्या मोहितेच्या हातात ठेवलं. "मोहिते, हे माझं घर. मी ते तुमच्या नावावर केलं. आता घर कुणाचं?"

"माझं, सर."

"फसलात. माझी मुलगी लहान आहे, तिच्यासाठी सांभाळायला म्हणून मी ते तुमच्या नावावर केलं. कागदावर मालक तुम्ही. घरपट्टी तुम्ही भरायची, कौलं तुम्ही बदलायची, चोर आला तर काठी घेऊन तुम्ही उठायचं. पण त्या घरात पाय पसरून झोपायचा हक्क तिचा. तुम्ही विश्वस्त, ती लाभार्थी. नाव तुमचं, सुख तिचं."

"मग मला काय मिळणार, सर?"

"मनस्ताप," सर म्हणाले, आणि या वेळी त्यांनाही हसू आलं. "साधा कायदा फक्त नाव बघतो. इक्विटी, म्हणजे न्यायबुद्धी, विचारते, या नावामागे खरं कोण आहे? ते समजलं की हा पेपर निम्मा समजला."

माझ्या शेजारची नलिनी इंगवले उभी राहिली. ती वर्गात कधी तोंड उघडत नसे, त्यामुळे सगळे मागे वळून बघायला लागले.

"सर, एखाद्याला विश्वस्त व्हायचंच नसेल तर?"

"तर नाही म्हणायचं. कुणालाही जबरदस्तीनं विश्वस्त करता येत नाही."

"त्याला कुणी विचारलंच नसेल तर? म्हणजे, कळायच्या आत सगळं त्याच्या नावावर केलं असेल. आणि कळायला लागेपर्यंत तो ते सांभाळायलाही लागला असेल."

सरांनी चष्मा काढला. "सांभाळायला लागला म्हणजे त्यानं स्वीकारलं. मग मध्येच अंग काढून घेता येत नाही. कोर्टाची परवानगी लागेल. किंवा लाभार्थी सज्ञान झाला असेल तर त्याची संमती."

"तोंडी संमती चालेल?"

"चालेल की. पण साक्षीदार ठेवा. लाभार्थी उद्या उलटला तर काय घ्या!"

वर्ग पुन्हा हसला. नलिनी खाली बसली. तिनं वहीत 'साक्षीदार' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

कोल्हापुरात आम्ही कायदा शिकत होतो, त्या काळातली ही गोष्ट. नलिनी आणि मी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायचो. ती घाटमाथ्यावरच्या एका लहान गावातून आलेली. वडील लवकर गेलेले, आई तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. परीक्षेचे अर्ज भरताना मी तिचं जन्मसाल पाहिलं. कागदावर ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. चेहरा मात्र बारावीच्या पोरीचा.

"इतकी मोठी वाटत नाहीस गं," मी म्हटलं होतं.

"नाहीच आहे मी," ती म्हणाली होती, आणि अर्जावर सही करून मोकळी झाली.

तिच्या काही गोष्टी चमत्कारिक होत्या. 'माझं' हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. छत्री सापडली नाही की विचारायची, "नलिनीची छत्री कुणी पाहिली का?" मुली तिला राणीसरकार म्हणून चिडवायच्या. नवीन साडी आणली की ती घडी न मोडता पलंगाच्या पायथ्याशी एक दिवस ठेवायची, आणि मगच अंगाला लावायची. गोडधोड काही केलं असेल तर पहिला घास बाजूला काढायची. मला वाटायचं, घरचं काही व्रत असेल. अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे लुटुपुटूचा खटला लढवायच्या स्पर्धेत तिला चषक मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला उचलून घेतलं. तिनं तो चषक फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

"आईला दाखवायला नेणार?" मी विचारलं.

"द्यायला नेणार."

"आईला?"

तिनं ट्रंकेचं कुलूप लावलं आणि विषय बदलला.

त्या वर्षी डिसेंबरात मोहितेनं तिला लग्नाचं विचारलं. मुलगा सरळ होता, घरचा चांगला होता, आणि नलिनीचा जीव त्याच्यावर होता हे मला तिनं न सांगताही माहीत होतं. खोलीत आल्यावर ती पलंगावर भिंतीला टेकून बसली.

"काय म्हणालीस त्याला?"

"थांब म्हटलं."

"का? तुला आवडतो ना तो?"

"शैला, त्यानं नलिनीला विचारलंय. मी कशी हो म्हणू?"

मी हसले. ती नाही हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत माझ्याबरोबर घरी येशील? सर म्हणाले होते ना, साक्षीदार पाहिजे."

मला वाटलं, आईकडे लग्नाची गोष्ट काढायची आहे आणि हिला सोबत हवी आहे. मी हो म्हटलं.

एसटीनं आम्हाला घाटाच्या तोंडाशी, शाळेजवळ सोडलं तेव्हा दिवस मावळत होता. खालच्या कोकणातून धुकं वर येत होतं. दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. शाळेच्या मागेच त्यांचं कौलारू घर होतं. बाहेर सोपा, मागे स्वयंपाकघर, आणि सोप्याला लागून एक आतली खोली, जिचं दार लोटलेलं होतं.

नलिनीची आई अंगणात उभी होती. उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. शाळेतल्या बाई असतात तशाच. "आलीस?" त्या लेकीला म्हणाल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. "ही तुझी मैत्रीण होय? दमली असशील गं बाळा. आत ये. मला मावशीच म्हण."

मग त्या आतल्या खोलीच्या दाराकडे वळल्या आणि जराशा मोठ्यानं म्हणाल्या, "नलू, पाहुणी आलीय बरं का."

मी नलिनीकडे पाहिलं. ती वाकून चपलेचा पट्टा सोडत होती. पट्टा सुटला, तरी ती वाकलेलीच राहिली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण जेवायला बसताना मावशींनी चार ताटं घेतली. तीन सोप्यात मांडली. चौथ्यात भाकरी, पिठलं, कांदा वाढून ते आत घेऊन गेल्या. दाराआडून त्यांचा आवाज येत होता. अगदी रोजचा, घरगुती आवाज. "गरम आहे तोवर खा. मग म्हणतेस गार झालं." बाहेर येऊन त्या आमच्यात बसल्या आणि मला हॉस्टेलच्या जेवणाबद्दल विचारू लागल्या.

नलिनी खाली मान घालून जेवत होती. मावशी तिच्याशी प्रेमानं बोलत होत्या, ताटात तूप वाढत होत्या, पण हाक मारताना 'अगं' किंवा 'तू'. तिचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. ते नाव फक्त आतल्या खोलीकडे तोंड करून घेतलं जात होतं.

जेवणं झाल्यावर मावशी आत जाऊन ताट घेऊन आल्या. ते रिकामं होतं. फक्त भाकरीचे करपलेले काठ तेवढे एका बाजूला ठेवलेले.

"नलूला करपलेलं आवडत नाही," मावशी मला म्हणाल्या. "लहानपणापासून तसंच."

अंथरुणावर पडल्यावर मी नलिनीला हलवलं. "आत कोण आहे?"

"तू पाहिलंस का कुणाला?"

"नाही."

"मीही नाही," ती म्हणाली. "मला तिथं जायची परवानगी नाही. उद्या सांगते. आता नको, ती ऐकते."

सकाळी उठले तेव्हा नलिनी विहिरीवर गेली होती. मावशी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मी जवळ जाऊन बसले. काय विचारावं कळत नव्हतं. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. वर्गात धडा समजावून सांगावा इतक्या शांतपणे.

"नलू आमची थोरली. ही पोटात होती तेव्हा नलू तीन वर्षांची. आषाढ होता. दरड कोसळून घाट बंद झालेला, आणि नलूला ताप भरला. हिचे वडील तिला पाठीशी बांधून खाली दवाखान्यात न्यायला निघाले. निम्म्या वाटेवरून परत आले."

त्यांनी तव्यावर भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं.

"त्यांनी घोंगडीत गुंडाळून आणली होती तिला. मी म्हटलं, झोपलीय. आत नेऊन ठेवा. ते म्हणाले, अगं, ऐक. मी नाही ऐकलं. मी त्या खोलीचं दार लावून घेतलं. नंतर पुरुषमाणसांनी मागच्या दारानं काय नेलं न् काय केलं, ते मी बघितलेलं नाही."

"आणि मग?"

"मग दोन महिन्यांनी ही झाली. ही पाच वर्षांची झाल्यावर शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा मी नलूच्याच नावानं घातली. नलूचं वर्ष कशाला बुडवायचं? तिला बरं वाटेपर्यंत ही जाईल तिच्या जागी. घरातलीच पोर ना ही."

चुलीतलं लाकूड तडतडलं. "मावशी, पण मग हिचं नाव?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी खुळचट विचारल्यासारखं. "ही तर समोरच असते. समोरच्याला नाव कशाला लागतं?"

मी उठून विहिरीवर गेले. नलिनी कठड्याला टेकून उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"सांगितलं तिनं?"

"किती दिवस असं चालणार गं? तू डॉक्टरांना का नाही दाखवलंस आईला? लोक काही बोलत नाहीत?"

"काय बोलणार? शाळा उत्तम चालवते. कुणाचं वाईट करत नाही." तिनं कळशी खाली ठेवली. "लहानपणी मला वाटायचं, आई खेळ खेळते. मग एकदा मी तापानं पडले. आई शाळेत गेली होती. पाणी पाहिजे होतं, उठवत नव्हतं. डोळे उघडले तर उशाशी पाण्याचा गडू ठेवलेला. आणि आतलं दार हलत होतं. शैला, मला तिची भीती नाही वाटत. पण हे सगळं तिचं आहे. शाळा, कॉलेज, मार्क, लोकांनी मारलेली प्रत्येक हाक. मी फक्त सांभाळतेय. सर शिकवत होते ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी जी काय आहे, त्याला शब्द आहे. आणि त्यातून सुटायला वाटही आहे."

"ती संमती देणार कशी?" मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं की आत ती खरोखर आहे असं धरूनच मी विचारलं होतं.

"विचारून बघू," नलिनी म्हणाली.

दुपारी पुन्हा धुकं चढलं. भर दिवसा सोप्यात दिवा लावावा लागला. नलिनी न्हाऊन आली होती. जुनी सुती साडी नेसली होती. तिनं ट्रंकेतून चषक काढला आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. मावशी दिव्याजवळ शाळेचे पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय करतेस गं?"

"आई, मला तिच्याशी बोलायचंय."

"बोल की. मी कधी नाही म्हटलं?" मावशी म्हणाल्या. पण लाल पेन त्यांच्या हातात तसंच राहिलं.

नलिनी लोटलेल्या दारासमोर उभी राहिली. मी तिच्यापासून हातभर मागे होते. दार दोन बोटं उघडं होतं आणि फटीत काळोख होता.

"ताई," ती म्हणाली. मावशी दचकल्या. हा शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारला नसावा. "ताई, तुझी शाळा झाली. कॉलेज होत आलं. तुला पहिला वर्ग मिळालाय. हे स्पर्धेचं बक्षीसही तुझंच. मी यातलं काही घेतलं नाही. तुझ्या ताटातलं तुझ्या आधी कधी खाल्लं नाही. आता एक माणूस आहे. मला त्याच्याबरोबर राहायचंय. ते मात्र तुझ्या नावानं करायला नको वाटतं. ते मला माझं पाहिजे."

तिच्या तोंडून 'माझं' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुझं सगळं आहे तसं तुझ्या दारात ठेवलंय. मला मोकळं कर."

काहीच झालं नाही. कौलांवरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं. मावशींचे ओठ हलत नव्हते, मी मुद्दाम पाहिलं. दिव्याची वात स्थिर होती. नलिनीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं हात जोडले आणि बाहेर पडताना थोरल्यांना सांगावं तसं म्हणाली, "येते मी, ताई."

"ये," आतून आवाज आला.

आवाज बाईचा होता. नलिनीसारखाच, पण तिच्याहून सावकाश, खूप दिवसांत न बोललेल्या माणसासारखा घोगरा. मी तो ऐकला. आज वकिली करून मला इतकी वर्षं झाली, साक्षीदार काय काय शपथेवर सांगतात ते मी रोज ऐकते, आणि तरी मी सांगते की मी तो ऐकला.

निरोपाचं 'ये' होतं की बोलावण्याचं, ते मला कळलं नाही. नलिनीलाही कळलं नसावं. कारण आवाज आला आणि दार हळूच आणखी उघडलं, आणि तिनं पाय उचलला. आत जायला. तिच्या चेहऱ्यावर इतकी निवांत कळा आली होती, की मलाच भीती वाटली. मी तिचा दंड धरला. ती मला ओढत होती असं नाही, पण तिला मागे आणता येईना. माझे पाय शेणानं सारवलेल्या जमिनीवरून पुढे सरकत होते.

"मावशी!" मी ओरडले.

मावशी उठल्या. त्या दाराशी गेल्या, उंबऱ्यावर लेकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि आत बघत म्हणाल्या, "नलू, नको बाळा. तुला मी आहे. हिला जाऊ दे."

किती तरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि वळल्या. त्यांचा चेहरा कुणी पुसून काढावा तसा झाला होता.

"निरोप दिला तिनं तुला," त्या नलिनीला म्हणाल्या. "ऐकलंस ना? आता थांबू नकोस. संध्याकाळची गाडी गाठ. निघ."

आम्ही सामान उचललं. नलिनीनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मावशींनी तिला घाईघाईनं उठवलं. अंगण ओलांडलं तसं घर धुक्यात दिसेनासं झालं. आम्ही रस्त्याला लागलो. मागून पावलं वाजली आणि मी नलिनीचा हात पुन्हा घट्ट धरला.

"वासंती!"

आम्ही थांबलो. धुक्यातून मावशी आल्या. धापा टाकत होत्या, पायात चपला नव्हत्या.

"तू पोटात होतीस तेव्हा ठरवलं होतं आम्ही," त्या म्हणाल्या. "मुलगी झाली तर वासंती ठेवायचं. नलूनंच निवडलं होतं. तिला ते म्हणता यायचं नाही, वाशंती म्हणायची. नंतर राहूनच गेलं बघ."

नलिनी रस्त्यातच खाली बसली. मावशी तिच्याजवळ बसल्या. तिच्या केसांवरून हात फिरवत ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिल्या, आणि मी गाडीचे दिवे दिसतात का ते बघत पाठ फिरवून उभी राहिले.

नाव बदलायला राजपत्र, प्रतिज्ञापत्रं, हेलपाटे सगळं झालं. मोहितेशी तिचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेवर वासंती होतं. दोघं पुण्याला गेली, मी कोल्हापुरात वकिली सुरू केली. तिनं वकिली केली नाही. ती बँकेच्या विधी विभागात लागली, दोन मुलं झाली. ती हसायला लागली, भांडायला लागली, 'माझं' म्हणायला लागली. एकदा माझ्याकडे आली असताना माझ्या मुलीशी बर्फीच्या शेवटच्या तुकड्यावरून खरीखुरी भांडली, आणि तो खाऊन टाकला. मला फार बरं वाटलं.

आईला तिनं पुण्याला यायला पुष्कळ विनवलं. "नलूला टाकून कशी येऊ?" एवढंच उत्तर यायचं. वासंती वर्षातून दोन-तीनदा जायची, सोप्यात बसायची, परत यायची. आई तिला नावानं हाक मारायची. तिच्यादेखत आतल्या खोलीशी बोलणं मात्र आईनं सोडून दिलं होतं. पुढे मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, चालणं कमी झालं. वासंतीनं सोबतीला बायका ठेवून पाहिल्या. मावशी त्यांना गोड बोलून परत पाठवायच्या. "माझं करायला आहे घरात," म्हणायच्या. वासंती मला फोन करून रडायची, "ती तिथं एकटी मरेल गं, आणि कुणाला कळणारही नाही."

गेल्या मार्चमध्ये शाळेतून निरोप आला, मावशी गेल्या. मी कोल्हापुरातून निघाले, ती आणि मोहिते पुण्याहून. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. अंगणात गावातली माणसं जमली होती. मावशी सोप्यात होत्या. धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस, अंगावर नीट घातलेलं पांघरूण. एकट्या पडलेल्या माणसाचं अंथरूण असतं तसं ते नव्हतंच.

शेजारी शाळेतल्या नव्या शिपायाचं बिऱ्हाड आलं होतं. त्याची बायको हौसाबाई वासंतीच्या जवळ येऊन बसली.

"रडू नगा ताई," ती म्हणाली. "लई सुखानं गेल्या. सकाळी मी पेज घिऊन आले, तर थोरल्या बाई हुत्या की उशाशी. चमच्यानं पाणी पाजत हुत्या. म्हटलं, मी बसू का? त्यांनी नुस्ती मान हलवली. बोलत न्हाईत त्या, पर करायच्या लई. रोजच बगते मी. न्हाऊ घालायच्या, अंगणात धरून फिरवायच्या."

वासंतीचा हात माझ्या हातात होता. तो तिनं सोडवून घेतला.

"कशी दिसते ती?" तिनं विचारलं.

"आता काय सांगू? तुमच्यावानीच की. केस तेवढे जास्त पिकल्यालं." हौसाबाई गोंधळली. "बहीणच न्हवं तुमची?"

"हो," वासंती म्हणाली. "थोरली."

ती उठली आणि आतल्या खोलीकडे गेली. मी मागोमाग निघाले, तिनं मला हातानं थांबवलं. दार ढकललं आणि आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडून ती आत गेली. मी बाहेर उभी राहिले. मोहिते माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आत खिडकी उघडल्याचा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून उजेड सोप्यात आला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"कुणी नाही," ती म्हणाली. "अंथरूण घडी करून ठेवलंय."

बाहेर माणसं खोळंबली होती. हौसाबाईनं अंगणात, परसात, विहिरीकडे बघून घेतलं आणि परत आली. "थोरल्या बाई सकाळपास्नं कुठं दिसंनात. त्यांच्यासाठी थांबायचं का? आईला उचलताना थोरली लेक नगं व्हय?"

"नको थांबायला," वासंती म्हणाली. "ती आईबरोबर गेली."

हौसाबाईला काय समजलं कुणास ठाऊक. पदर तोंडाला लावून ती हळहळली, "आसंल बाई. बरंच झालं म्हणायचं. आईबिगर त्यांना हुतं तरी कोन?"

वासंतीनं भिंतीला हात टेकला. मग इतक्या वर्षांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं तशी ती हमसून हमसून रडायला लागली.

"मी होते," ती म्हणाली. "मी होते ना."